लाट गेली, असं आम्हीच सांगितलं होतं

अब्बांनी तो प्रश्न आम्हाला दोनदा विचारला होता. पहिल्यांदा जानेवारी २०२१ च्या शेवटी, ईशाची नमाज झाल्यावर. आपाच्या मुलीच्या निकाहची तारीख ठरत होती. घरात पाहुण्यांची यादी चालली होती आणि अब्बा कोपऱ्यातल्या खुर्चीत तसबीह घेऊन बसले होते. मध्येच म्हणाले, "बेटा, वो सच में गई क्या?"

'वो' म्हणजे कोरोना. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे.

आम्ही हसून म्हणालो, "अब्बा, पेपर बघा ना. सप्टेंबरात देशभरात दिवसाला ९८ हजारांच्या आसपास रुग्ण निघत होते. आता दहा-बारा हजारांवर आले. लाट ओसरली."

अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं ते निकाहच्या आदल्या दिवशी. तेव्हा आम्ही जरा त्रासूनच उत्तर दिलं. घरात शिकलेले आम्ही, शाळेत शिकवणारे आम्ही. आमच्या शब्दावर अब्बांनी दोन्ही वेळा विश्वास ठेवला.

आम्ही अचलपूरचे. अमरावती जिल्ह्यातलं, मेळघाटाच्या पायथ्याचं हे जुनं गाव. ७ फेब्रुवारी २०२१ ला, रविवारी निकाह झाला. दस्तरख्वानवर दोनशेच्या वर माणसं बसली. दहा महिने कोणी कोणाला भेटलं नव्हतं. लोक गळ्यात पडून रडत होते. सगळ्यांचे मास्क हनुवटीवर किंवा खिशात. अब्बांनी सगळ्यांशी मुसाफा केला, नवासीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला निरोप दिला.

१५ तारखेला त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी धाप लागू लागली. अमरावतीला नेलं. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर दोन्ही ठिकाणी पुन्हा लॉकडाऊन लागला. भाईजान दवाखान्याच्या बाहेर आणि आम्ही गावात, असे अडकलो. २७ तारखेला फजरच्या वेळी भाईजानचा फोन आला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. जनाज्याला बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. निकाहला दोनशे होती.

दोन दिवसांनी, १ मार्चला, साठ वर्षांवरच्या लोकांसाठी लसीकरण सुरू झालं. अब्बा ७१ वर्षांचे होते.

आणखी एक तारीख आम्ही विसरू शकत नाही. १५ मार्च २०२१. पाहणीसाठी आलेल्या केंद्रीय पथकाच्या अहवालाच्या आधारे केंद्र सरकारच्या आरोग्य सचिवांनी महाराष्ट्राच्या मुख्य सचिवांना त्या तारखेचं पत्र लिहिलं. महाराष्ट्र दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीला आहे, असं त्यात म्हटलं होतं. बातमी वाचून आम्ही किती तरी वेळ पेपर हातात धरून बसलो. कागदावर लाट आता सुरू होत होती. आमच्या घरातून ती येऊन, अब्बांना घेऊन निघूनही गेली होती.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात बसला. लाट म्हणजे नेमकं काय? ती सुरू झाली हे कोण ठरवतं, आणि कधी?

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमचा धंदा शब्दांचा. मराठीत लाट, उर्दूत लहर. मराठीत 'लहर' म्हटलं की मर्जी आली, लहर फिरली, असा अर्थ निघतो. दोन्ही भाषांत समुद्राचा हा शब्द साथीच्या रोगाला लावलेला आपण सहज वाचतो. आम्हीही वाचत होतो. पण शब्द रोज वाचला म्हणून कळतोच असं नाही. शेवटी शाळेतल्या गणिताच्या सहकाऱ्यांकडे आम्ही विद्यार्थी होऊन बसलो. त्यांनी आलेखाची वही काढली आणि चार-पाच संध्याकाळी आम्हाला शिकवलं. त्यातून जे पदरात पडलं ते वाचकांसमोर ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, साथीच्या लाटेची सगळ्या जगाने मान्य केलेली एकच व्याख्या नाही. भूकंपाला रिश्टरसारखं मोजमाप असतं, तापाला थर्मामीटर असतो, तसं लाटेला नाही. रुग्ण सतत वाढत गेले, टोकाला पोहोचले, मग सतत कमी होत गेले आणि खाली येऊन स्थिरावले, तर त्या चढउताराला साधारणपणे लाट म्हणतात. यात 'सतत' हा शब्द महत्त्वाचा आहे. एक दिवस आकडा वाढला म्हणजे लाट आली नाही, आणि एक दिवस घटला म्हणजे गेली नाही.

रोजचा आकडा तर फार लबाड असतो. रविवारी चाचण्या कमी होतात, म्हणून सोमवार-मंगळवारी रुग्ण कमी दिसतात. मधल्या वारी एकदम उसळतात. म्हणून जाणकार सात दिवसांची सरासरी धरतात. सहकाऱ्यांनी आमच्याकडून ती काढून घेतली. दातेरी करवतीसारखी रेघ सरळ झाली आणि चढ कुठे, उतार कुठे, हे आमच्यासारख्या भाषेच्या माणसालाही दिसू लागलं.

दुसरी फसवणूक चाचण्यांची. चाचण्या कमी केल्या तर रुग्ण कमी सापडतील. त्याला काही साथ ओसरणं म्हणत नाहीत. म्हणून शंभर चाचण्यांमागे किती बाधित निघाले, हे बघावं लागतं. हे प्रमाण किमान दोन आठवडे पाच टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच दिला होता. आम्ही पेपरात रोज मोठ्या अक्षरातला आकडा वाचत होतो. किती चाचण्यांमधून तो निघाला, ही ओळ आम्ही कधी वाचलीच नाही.

तिसरी गोष्ट लाटेच्या मुळाशी आहे. एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो? हा आकडा एकाच्या वर असेल तर साथ वाढते, एकाच्या खाली असेल तर आटते. शंभर रुग्ण आहेत आणि प्रत्येक जण सरासरी १.२ लोकांना आजार देतो असं धरा. पुढच्या फेरीत १२०, मग १४४, आणि दहाव्या फेरीत सुमारे ६१९. तोच आकडा ०.८ असेल तर शंभराचे दहाव्या फेरीत फक्त ११ उरतात. १.२ आणि ०.८ मध्ये फरक किती? बाजारातल्या एका चकरेचा, एका दावतीचा. पण एक रेघ आभाळाकडे जाते आणि दुसरी जमिनीला टेकते. हा आकडा एकाच्या वर जाऊन तिथे टिकला की चढ सुरू आणि एकाच्या खाली येऊन टिकला की उतार, अशी लाटेची व्याख्या करावी, असं काही संशोधकांनी सुचवलं आहे.

हे ऐकल्यावर आम्ही विचारलं, "मग सर, लाट आली हे त्याच दिवशी का नाही कळत?"

ते म्हणाले, "टिकला हे बघायला थांबावं लागतं ना. शिवाय लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चार-पाच दिवस जातात, मग चाचणी, मग अहवाल. आजचा आकडा आठ-दहा दिवसांपूर्वीची हकिगत सांगतो. तुम्ही वाचता ती जुनी चिठ्ठी असते."

हे आम्हाला आमच्या भाषेत लगेच समजलं. उर्दू आणि मराठी, दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'तो घरी' एवढं ऐकून तो आला की गेला, ते कळत नाही. साथीचं वाक्यही असंच आहे. त्याचं क्रियापद फार उशिरा येतं, आणि तोवर आपण वाक्याच्या मधोमध उभे असतो.

मग आम्ही विचारलं की लाटा मोजतात कशा. एक चढ संपून दुसरा सुरू झाला, की तोच चढ जरा थांबून पुढे गेला? सहकाऱ्यांनी आमच्याच मुलखातला दाखला दिला. चिखलदऱ्याला जाताना एक टेकडी चढून थोडं उतरलो आणि पुन्हा चढलो, तर आपण दोन डोंगर चढलो असं म्हणत नाही. मधली दरी पुरेशी खोल असेल तरच डोंगर दोन. आलेखातही दोन टोकांमधली दरी किती खोल, हे बघून ठरवतात. पण दरी किती खोल असली म्हणजे पुरे? ते ठरवणाऱ्यावर आहे. तिथे मतभेद होतात.

दिल्लीचं उदाहरण घ्या. तिथे जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तीन वेळा रुग्ण वाढून उतरले. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा वाढले, तेव्हा दिल्लीचे मुख्यमंत्री त्याला चौथी लाट म्हणत होते. त्याच दिवसांत सगळा देश दुसऱ्या लाटेविषयी बोलत होता. दोघांचंही बरोबर होतं. दिल्लीचा आलेख वेगळा होता, देशाचा वेगळा.

इथे आमची चूक आमच्यासमोर उघडी पडली.

देशाचा आकडा ही शेकडो जिल्ह्यांची बेरीज असते. एका बाजूला पंचवीस जिल्ह्यांत साथ उतरत असेल आणि दोन जिल्ह्यांत चढत असेल, तर बेरजेत उतारच दिसतो. फेब्रुवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात देशाची रेघ सर्वात खाली होती, दिवसाला नऊ ते बारा हजार रुग्ण. त्यातही उपचार घेणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त फक्त केरळ आणि महाराष्ट्रात होते. आणि महाराष्ट्रात जिथे रेघ आधी वर वळली, त्यात आमचा अमरावती जिल्हा होता. सहकाऱ्यांनी वहीत दोन रेघा एकाखाली एक काढल्या. वर देशाची, खाली जिल्ह्याची. ७ फेब्रुवारीवर पेन्सिलीने उभी खूण केली. वरची रेघ जमिनीला टेकलेली होती, खालची उठू लागली होती.

आम्ही अब्बांना वरची रेघ वाचून दाखवली होती. राहत होतो मात्र खालच्या रेघेत.

आणखी एक माहिती त्याच आठवड्यात जाहीर झाली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर रक्ताचे नमुने तपासले होते. ४ फेब्रुवारीला निष्कर्ष सांगितला गेला. सुमारे साडेएकवीस टक्के लोकांच्या रक्तात लागण होऊन गेल्याची खूण सापडली होती. म्हणजे पाचातल्या जवळजवळ चार जणांना आजार अजून शिवलेलाच नव्हता. गवत वाळलेलं होतं, फक्त ठिणगी दूर होती. ही बातमी पेपरात आली होती. त्या दिवशी आम्ही शेरवानीच्या नाड्या आणि बिर्याणीच्या देगा मोजत होतो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी १४ एप्रिलला रमजान सुरू झाला. १८ एप्रिलला एकट्या महाराष्ट्रात ६८ हजारांहून जास्त रुग्ण निघाले. इफ्तारच्या वेळी नागपूरहून, पुण्याहून फोन यायचे, ऑक्सिजनचा बेड कुठे मिळेल का. अब्बांची खुर्ची रिकामी आणि हातातली खजूर तशीच. ६ मे रोजी देशाचा आकडा ४ लाख १४ हजारांवर गेला. ही दुसरी लाट विषाणूच्या ज्या नव्या प्रकारामुळे एवढी चढली, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी 'डेल्टा' हे नाव दिलं. तोपर्यंत लाट उतरणीला लागली होती. नावं अशीच मागाहून येतात.

जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली. तेव्हाही देशात दिवसाला साडेतीन लाखांच्या जवळ रुग्ण निघाले, पण मृत्यू दुसऱ्या लाटेपेक्षा कितीतरी कमी झाले. लस घेतलेले आणि आजार होऊन गेलेले लोक बरेच होते, विषाणूही बदललेला होता. रुग्णांच्या आलेखात या दोन्ही लाटा शेजारी-शेजारी डोंगरासारख्या दिसतात. मृत्यूंच्या आलेखात दुसरी डोंगर आहे आणि तिसरी टेकडी. लाट किती मोठी, हे विचारण्याआधी काय मोजता ते सांगावं लागतं.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येतो. ते दोनदा का विचारत होते, हे आम्हाला त्यांच्या चाळिसाव्यानंतर अम्मीकडून कळलं. अब्बांच्या दादीने त्यांना लहानपणी मानमोडीची गोष्ट सांगितली होती. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. दादी म्हणायची, मानमोडी दोनदा आली. पहिल्यांदा आली ती ताप देऊन गेली, लोकांनी शुक्र अदा केला. दुसऱ्यांदा आली तेव्हा कबरी खोदायला माणसं उरली नाहीत.

दादीला शाळा माहीत नव्हती, पण तिची आठवण खरी होती. मुंबईत तो आजार जून १९१८ मध्ये आला आणि उतरला. सप्टेंबरात परत आला तो भयंकर होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं या आजाराने गेली. मग तो आत पसरला. हिंदुस्तानात एक कोटीहून जास्त लोक त्या साथीत मेले असा अंदाज आहे, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड, म्हणजे आमचाच मुलूख, सर्वाधिक मार खाल्लेल्या भागांपैकी एक होता. अब्बांना एवढंच ठाऊक होतं की असला आजार एकदा येऊन थांबत नाही. ते आमच्याकडे आकडा मागत नव्हते. ते विचारत होते, दुसऱ्यांदा येणार नाही ना? आम्ही प्रश्न ऐकला, त्यातली भीती ऐकली नाही.

'लाट' हा शब्द आम्ही आता वर्गात जरा जपून शिकवतो. समुद्राची लाट बाहेरून येते, आपण किनाऱ्यावर उभे असतो. ती येते, जाते, आपला तिच्यावर इलाज नसतो. साथीला लाट म्हटलं की आपणही असेच हात बांधून उभे राहतो. आली म्हणायचं, गेली म्हणायचं. पण या लाटेचं पाणी म्हणजे आपणच असतो. आपण जमतो तेव्हा ती चढते, आपण अंतर ठेवतो तेव्हा ती उतरते. निकाहच्या दिवशी आम्ही लाटेच्या वाटेत उभे नव्हतो. आम्ही दोनशे जण मिळून लाट होतो.

कोणी म्हणेल, मौत तर ठरलेली असते. आम्हीही मानतो. पण आपल्या दीनने उंटाला आधी बांधायला शिकवलं आहे, तवक्कुल त्यानंतर. ज्या गावात साथ आहे तिथे जाऊ नका, तिथले असाल तर बाहेर पळू नका, ही ताकीदही चौदाशे वर्षांपूर्वीची आहे. तिच्यात 'अमुक इतके रुग्ण झाल्यावर' अशी अट नाही. लाटेच्या नावाची वाट बघायला तिने सांगितलेलं नाही.

म्हणून आता आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या आहेत. ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं, तरी त्या आम्ही सोडल्या नाहीत. डेंग्यू असो, गोवर असो, नवा कुठला ताप असो, आम्ही देशाचा आकडा शेवटी बघतो. आधी मोहल्ल्यातल्या दवाखान्यात विचारतो की या आठवड्यात मागच्यापेक्षा जास्त लोक येताहेत का. शाळेत एकाच वर्गातली चार-पाच मुलं तापाने गैरहजर दिसली की त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घालतो. घरात खोकला असेल तर दावत कितीही जवळच्या नातलगाची असो, एक जण जाऊन लिफाफा देऊन येतो. बुजुर्गांची लस पुढे ढकलत नाही. आणि घरातलं म्हातारं माणूस एकच गोष्ट दोनदा विचारू लागलं, तर हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ बसतो.

गणिताच्या सहकाऱ्यांची ती वही आमच्याकडेच आहे. दरवर्षी नववीच्या वर्गात सरासरी शिकवताना ते ती मागून नेतात आणि मुलांना दोन्ही रेघा दाखवतात. मागच्या वर्षी एका मुलीने ७ फेब्रुवारीच्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, "सर, इथे काय झालं होतं?"

सहकाऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हणालो, "बेटी, इथे एकाने प्रश्न विचारला होता आणि आम्ही चुकीची रेघ वाचून उत्तर दिलं."

वाचकांनी आमच्या अब्बा मरहूमांच्या मगफिरतीसाठी दुआ करावी, ही विनंती. आणि आपल्या घरच्या बुजुर्गांना आज एकदा तब्येत विचारावी.